जपून ठेवलेले पाय

सुशांत धुरी आपल्या पायांना जावयासारखं जपायचा. सकाळी त्यांची मर्जी विचारून बाहेर पडायचा आणि संध्याकाळी घरी आला की आधी त्यांचा पाहुणचार. जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या लालबागच्या टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर धुऱ्यांचं घर होतं आणि त्या घरातल्या शोकेसच्या खालच्या फळ्या त्याने बुटांसाठी बळकावल्या होत्या. पाचही बोटांना वेगवेगळ्या खोल्या असलेले मोजे, बोटांच्या बेचक्यांत चोळायला व्हॅसलिन, गुडघ्याला चिकटवायच्या निळ्या पट्ट्या आणि पोटऱ्या रगडायला फोमचा एक जाडजूड रूळ. त्या रुळाला त्याची बायको अनुजा 'तुझं लाटणं' म्हणायची. अनुजा गिरगावची, दादरच्या शाळेत गणित शिकवणारी. तिच्या जिभेला धार होती, पण नवऱ्याच्या या वेडाला तिची ना नव्हती.

वेड लागलं ते तिशी ओलांडल्यावर. ढेरी कमी करायला म्हणून शिवाजी पार्कला फेऱ्या मारणारा हा माणूस बघता बघता मॅरेथॉन पळाला, आणि मग बेचाळीस किलोमीटर त्याला कमी पडायला लागले. तीन वर्षांपूर्वी त्याने घाटातल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीची जय्यत तयारी केली. शर्यत तोंडावर आली आणि नडगीचं हाड तडकलं. कोणी ढकललं नव्हतं, कुठे पडला नव्हता. नुसत्या हावरेपणाने, आज थोडं जास्त, उद्या आणखी थोडं, असं करत त्याने स्वतःचं हाड स्वतःच तडकवून घेतलं होतं. शर्यतीच्या दिवशी पायाला प्लास्टर बांधून तो पलंगावर पडून होता आणि उशीत तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला होता.

त्यानंतर त्याने अमित सरांना गाठलं. हे अमित सर शिवाजी पार्कला पहाटे पंधरा-वीस जणांना पळवायचे आणि त्यांचं म्हणणं इतर कोचांपेक्षा वेगळं होतं. "अल्ट्रावाले, बेचाळीसच्या पुढे पळणारे, शर्यतीत नाही रे हरत, तयारीत हरतात," ते म्हणायचे. "तू स्टार्ट लाइनला धडधाकट येऊन उभा राहा. अर्धं काम तिथेच झालं." त्यांनी सुशांतला आराखडा आखून दिला. येत्या ऑगस्टमध्ये पन्नास, पुढच्या वर्षी पंचाहत्तर आणि चाळिशी गाठताना शंभर. आठवड्यात किती पळायचं यापेक्षा कधी पळायचं नाही यावर सरांचा कटाक्ष जास्त. विश्रांतीच्या दिवशी जिने चढायचे नाहीत, ओझी उचलायची नाहीत, तासन्‌तास उभं राहायचं नाही. "रेस्ट डे म्हणजे सुट्टी नाय बॉस, ते पण ट्रेनिंगच आहे." सुशांतने हे वाक्य गुरुमंत्रासारखं कानात साठवलं.

पण हा मंत्र लालबागमध्ये कोणाच्या गळी उतरवणार? अडतीस वर्षांचा, पोट नसलेला, दोन्ही हातपाय शाबूत असलेला बाप्या 'आज माझा आरामाचा दिवस आहे' म्हणाला तर लोक तोंडावर हसतात. माघी गणपतीच्या आधी मंडळाची पोरं मंडपाचे बांबू उतरवायला हाक मारायला आली, तेव्हा सुशांतने खरं तेच सांगून पाहिलं. "आराम? बाळंतीण आहेस काय रे तू?" एकजण म्हणाला आणि दारातच खसखस पिकली. सुशांतचे कान तापले. त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे यार, गुडघा दुखतोय."

आणि काय चमत्कार! हसणारे चेहरे एकदम सुतकी झाले. "मग आधी नाय का सांगायचं? बस, बस, उभा राहू नको," म्हणत पोरं पायरव न करता निघून गेली. आराम मागितला तर टिंगल आणि दुखणं सांगितलं तर मान! सुशांतला जणू घरातल्या सगळ्या कुलपांना लागणारी एकच किल्ली सापडली. तिथून पुढे विश्रांतीच्या दिवशी कोणी काही काम काढलं, की त्याचा गुडघा दुखायला लागायचा. वेळप्रसंगी तो लंगडूनही दाखवायचा. अनुजाला यातलं सगळं ठाऊक होतं. "आज डावा की उजवा? गेल्या खेपेला डावा होता, लक्षात ठेव," ती स्वयंपाकघरातून हळूच म्हणायची, आणि दोघं हसायचे. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. इतका ठणठणीत गुडघा त्याला उभ्या आयुष्यात कधी लाभला नव्हता.

या नाटकाला एकच प्रेक्षक असा होता, ज्याला हे नाटक आहे हेच माहीत नव्हतं. ती म्हणजे सुशांतची आई, इंदुमती. मूळची मालवणकडची. लग्न होऊन लालबागला आली त्याला जन्म लोटला, पण मुलाशी बोलताना तिच्या तोंडी अजून गावचीच भाषा होती. तिचा नवरा, म्हणजे सुशांतचे वडील, पोस्टमन. अख्खी हयात त्यांनी परळ-लालबागचे जिने चढण्यात घालवली. एके दिवशी 'गुडघा जरा दुखतोय' म्हणून घरी लवकर आले, आणि त्या दुखण्याने पुढे अंथरुणाला खिळले ते शेवटपर्यंत. त्यांचं सगळं तिनेच केलं होतं. त्यामुळे घरात गुडघ्याचं नाव निघालं की तिच्या हातातला घास हातातच राहायचा. "तुझ्या बापाशीचा पण असाच सुरू झालेला," ती म्हणायची आणि लसूण टाकून खोबरेल तेल कढवायला ठेवायची. रात्री जेवणं झाली की सुशांतचा पाय मांडीवर घेऊन ती चोळत बसायची.

सुशांतला लाज वाटत नसे असं नाही. पण ते तेल कोमट असायचं, आईचे हात अजून जाड आणि ताकदीचे होते, आणि पळून आलेल्या पायांना ते चोळणं फार बरं वाटायचं. सत्तरीला आलेल्या बाईला तेवढाच विरंगुळा, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती. ऑगस्टमध्ये शर्यत झाली की सगळं सांगून टाकू आणि हसू, असंही त्याने ठरवलं होतं.

आईला साखरेचा आजार होता. मार्चमधल्या एका रविवारी ती म्हणाली, "माझ्याबरोबर दवाखान्यात येतंस? साखर तपासूची आसा." आदल्याच दिवशी सुशांत वरळीच्या समुद्रालगत लांबवर पळून आला होता आणि दवाखान्यात तास-तास उभं राहावं लागतं हे त्याला माहीत होतं. किल्ली खिशात होतीच. "आई, गुडघा..." एवढंच तो म्हणाला. "नको, नको, तू पड," आई घाईघाईने म्हणाली. मग ती तपासणी राहिली ती राहिलीच. एप्रिलमध्ये अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत मामेबहिणीच्या मुलाचं बारसं होतं. तिथे लिफ्ट बंद आणि घर वरच्या मजल्यावर. सुशांतचा गुडघा पुन्हा एकदा दुखला. या वेळी आईने तेल कढवलं नाही. ती देवासमोर जाऊन बसली आणि बराच वेळ तिथून उठली नाही.

मे उजाडला, आणि एवढ्या उकाड्यात आई घरात मोजे घालून वावरायला लागली. "लादी गार लागता," म्हणाली. सुशांतने आपले जुने जाड मोजे तिला काढून दिले. या घरात निदान आणखी एका माणसाला पायांची किंमत कळली, म्हणून त्याला बरंच वाटलं. दर मंगळवारी दुपारी ती शेजारच्या गंगुबाईंबरोबर भजनाला जाते हेही त्याच्या कानावर होतं. चला, म्हातारीचं मन रमतंय, असं त्याने अनुजाला बोलूनही दाखवलं.

ऑगस्टमधली शर्यत दमट हवेत होणार म्हणून अमित सरांनी मे महिन्यात उन्हात पळायचा सराव सांगितला होता. आठवड्यातून एकदा, भर दुपारी, सावकाश. सुशांतचं ऑफिस लोअर परळला, विम्याच्या कंपनीत. त्या मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घरी आला, जेवणाऐवजी केळं खाल्लं आणि जामानिमा करून निघाला. मानेवर पडदा असलेली टोपी, डोळ्यांना गॉगल, कमरेच्या पट्ट्याला मीठ-साखरेच्या पाण्याच्या बाटल्या. पायांना व्हॅसलिन, वर बोटांचे मोजे, वर उन्हाळ्यासाठी मुद्दाम घेतलेले जाळीचे बूट. भारतमाता टॉकीजवरून परळ, तिथून एल्फिन्स्टनच्या पुलाकडे. तो पूल तेव्हा अजून पाडला नव्हता. डांबर इतकं तापलं होतं की बुटाच्या तळव्यातूनही धग लागत होती. आपले बूट किती चांगले आहेत असा विचार करत तो पूल उतरला.

प्रभादेवीच्या बाजूला, फुटपाथ खणून ठेवलेल्या जागी, दोन बायका रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. एकीने डोक्यावर छत्री धरली होती. दुसरीने डोक्यावरून पदर घेतला होता, हातात नारळाची पिशवी होती आणि ती पाय जरा फाकवून, टाचांवर भार देत चालत होती. अशी चाल सुशांतला चांगली ओळखू यायची. तळव्यांना फोड आलेले पळणारे शेवटच्या किलोमीटरांत असेच चालतात. बिचारी, असं त्याच्या मनात आलं. मग त्याला साडी ओळखीची वाटली. जवळ गेल्यावर दिसलं, की ती अनवाणी आहे आणि ती त्याची आई आहे.

"आई!"

इंदुमती दचकली. छत्रीवाल्या गंगुबाईंनी जीभ चावली. त्यांच्या पायांत चपला होत्या.

"तू हय खय?" आई म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. "आणि पळतंस कित्याक? पाय दुखता मां तुझो?"

"माझं सोड. तुझ्या चपला कुठे आहेत? पायाला चटके बसत नाहीत का तुझ्या?"

"माका कायएक दुखणा नाय. चल गो गंगे."

ती चालायलाच लागली. सुशांत तिच्या आडवा उभा राहिला. तेव्हा गंगुबाईंनी तोंड उघडलं. "अरे, नवस बोललीय ती. तुझ्यासाठीच. तुझा गुडघा बरा होऊ दे म्हणून एकवीस मंगळवार सिद्धिविनायकाला अनवाणी चालत. मी म्हटलं, सकाळी जाऊ या, ऊन नसतं. तर म्हणते, सकाळी घरात सगळी असतात, सुशांतला कळलं तर तो जाऊ देणार नाही."

सुशांतने गॉगल काढला. "कधीपासून?"

"माघी गणपतीपासून. एव्हाना संपत आले असते, पण फेब्रुवारीत एकदा इथे खडी टाकलेली, तर मीच हिला म्हटलं, एवढ्यापुरत्या माझ्या चपला घाल. घातल्या चार पावलं. मग मार्चात तुझा पाय दुखला तेव्हा हिने धीर धरला, पण एप्रिलात परत दुखायला लागला ना, अँटॉप हिलला जायचं होतं तेव्हा? ही म्हणाली, मी चपला घातल्या म्हणूनच झालं. परत पहिल्यापासून धरले सगळे मंगळवार."

एप्रिल. वरच्या मजल्यावरचं घर, बंद लिफ्ट, बारशाचं जेवण. आपण एक जिना टाळला आणि आईने हा रस्ता पहिल्यापासून सुरू केला, हे सुशांतला एकदम कळलं.

"आई, माझा पाय बरा आहे गं. एकदम बरा. हे बघ." आणि तो भर रस्त्यात, टोपी आणि बाटल्यांसकट, दोन्ही पायांवर उड्या मारून दाखवायला लागला. टॅक्सीवाले बघत होते.

आईचा चेहरा उजळला. "बघ गंगे! लागलो की नाय गुण?" तिने वर हात जोडले. "आता तर मधी सोडूचा नाय."

त्याने खाली बसून आपले बूट सोडले. "निदान हे घाल. मोठे होतील, पण घाल." ती मागे सरली. "तुझे बूट घालू? मगे परत पहिल्यापासून करूचे माका? उठ. लोक बघतत." त्याने तिचा हात धरून टॅक्सीला हात केला. तिने हात असा हिसडला, की नारळाची पिशवी रस्त्यावर पडली. रागाने नाही, भीतीने. नवस मोडला तर मुलाच्या पायाचं काय होईल, या भीतीने. सुशांतने नारळ उचलून दिला. तिला उचलून नेणं त्याला सहज जमलं असतं, पण ती नजर बघून त्याचा हात उठेना. मग तो तिच्या बाजूने चालत राहिला. एरवी जेवढ्या अंतरात त्याचं अंगसुद्धा गरम होत नसे, तेवढं अंतर चालताना त्याला तिच्या प्रत्येक पावलाकडे बघवत नव्हतं.

दर्शन झाल्यावर बाहेर कट्ट्यावर बसवून त्याने तिचा पाय मांडीवर घेतला. ती नको नको म्हणत होती. तळवा काळा पडला होता. चवड्याखाली मोठा फोड फुटून कातडी लोंबत होती, त्याच्या आत माती आणि खडीची कच होती, आणि शेवटची दोन बोटं निळसर सुजली होती. त्यांना वास येत होता. घरातले मोजे कशासाठी होते ते आता कळलं. फोडांबद्दल सुशांतला सगळी माहिती होती. कुठल्या फोडाला सुई टोचायची, कुठल्याला नाही, कोणती पट्टी लावायची, हे तो नवीन पळणाऱ्यांना शिकवायचा. त्याने सुजलेल्या बोटावर हलकेच दाबलं.

"दुखतंय?"

"नाय रे. सांगलंय मां तुका, कायच कळत नाय."

काहीच कळत नाही, हेच सगळ्यात वाईट होतं, आणि तेही त्याला माहीत होतं.

परळच्या इस्पितळात डॉक्टरीण बाईंनी पाय बघितला आणि नर्सला काहीतरी इंग्रजीत सांगितलं. साखर भलतीच वाढलेली निघाली. "शेवटची कधी तपासली होती?" त्यांनी विचारलं. "मार्चमध्ये तपासणार होतो," सुशांत म्हणाला. साखरेने पायांची जाणीव गेली होती, तापलेल्या डांबरावर तळवे भाजत होते ते तिला समजतच नव्हतं, आणि जखम आत हाडापर्यंत गेली होती. दोन बोटं काढावी लागणार होती. विष वर चढत गेलं तर आणखी. सगळं ऐकून सुशांत बाकावर बसला. अंगात अजून पळायचेच कपडे होते. येणारे-जाणारे त्याच्या त्या रंगीत बुटांकडे बघत होते आणि त्याला ते बूट कुठेतरी भिरकावून द्यावेसे वाटत होते.

अनुजा शाळेतून थेट तिथेच आली. त्याने तिला सगळं सांगितलं. "मी पण हसायचे रे," एवढंच ती म्हणाली आणि तिने तोंडावर ओढणी धरली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी ठरवलं, की आईला खरं सांगायचं. तिने निदान पुढचे मंगळवार तरी डोक्यातून काढावेत. सुशांत खाटेशेजारी स्टूल ओढून बसला. आईच्या हाताला सलाईन लावलं होतं. पाय चादरीबाहेर, पांढऱ्या पट्टीत.

"आई, मला एक सांगायचंय. रागाव, मार, काय ते कर. माझा गुडघा कधी दुखतच नव्हता. मी खोटं बोलायचो. मला आराम पाहिजे असायचा, कोणी तो देत नव्हतं, म्हणून दुखतोय म्हणायचो. अँटॉप हिललासुद्धा. दवाखान्यात यायचं होतं तेव्हासुद्धा. सगळं नाटक होतं."

त्याला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर तोंड फिरवून घेईल. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. पण इंदुमती त्याच्याकडे बघून हसली. एखादं पोर शाळेत पडून आलं आणि लागलं नाही म्हणत असलं, की आई जशी हसते, तशी.

"ह्या सांगूक तुका कोणी शिकवल्यान? हिणा?" तिने अनुजाकडे बघितलं. "माका वाईट वाटू नये म्हणान आता खोटा बोलतंस. लहानपणापासून तुका खोटा बोलूक जमत नाय, सुशांत. माका लगेच कळता."

"आई, तो खरं बोलतोय," अनुजा पुढे झाली. "मला माहीत होतं. आम्ही दोघं घरात यावरून हसायचो हो. तुम्ही मला बोला पाहिजे तर."

"तू त्याचीच बाजू घेतलंस, बरा केलंस. बायकोन नवऱ्याची बाजू घेवची." तिने सलाईन नसलेला हात सुशांतच्या गुडघ्यावर ठेवला आणि सवयीने चोळायला लागली. "मी ह्या हातांनी चोळलंय तो पाय. तुझो पाय दुखत होतो की नाय, ता माका कळूचा नाय? माझ्या हाताक कळत होता. आत गाठ होती. ती आता नाय."

ती गाठ पळून आखडलेल्या स्नायूची होती. जानेवारीपासून बोललेलं एकूण एक खोटं तिने खरं मानलं होतं, आणि आता आयुष्यात पहिल्यांदा पोटातून आलेलं खरं तिला खोटं वाटत होतं. कोणापुढे डोकं आपटावं हे त्याला कळेना.

बोटं काढली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, थोडक्यात निभावलं, पण यापुढे घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. पुन्हा जखम झाली तर घोट्यापासून पाय काढावा लागेल. हे त्यांनी इंदुमतीलाही समजेल असं सावकाश सांगितलं. इंदुमतीने सगळं ऐकून घेऊन मान डोलावली. सुशांतला वाटलं, झालं, पटलं तिला.

त्याने अमित सरांना फोन करून ऑगस्टची शर्यत सोडल्याचं कळवलं. सरांनी कारण ऐकून लगेच त्याचं नाव काढलं. शर्यत सोडली म्हणून घरी कोणी काही म्हणेल असं सुशांतला वाटलं नव्हतं. पण भेटायला आलेल्या गंगुबाईंनी ही गोष्ट आईच्या कानावर घातली, आणि आई पहिल्यांदा चिडली. "पळूचा नाय म्हणजे? मगे मी कित्याक चाललंय एवढा? तुका पळूक मिळूचा म्हणानच मां! तू पळलंस नाय तर बाप्पाक काय वाटात?" तिचा श्वास लागला, नर्स धावत आली आणि सुशांतला बाहेर घालवलं. परत आत आला तेव्हा त्याने कबूल केलं, पळेन. तेवढ्याने तिला झोप लागली.

नवसाचं तो तिला शेवटचं एकदा बोलला. "उरलेले मंगळवार मी चालतो, आई. अनवाणी. तुझ्याऐवजी. भटजींना विचारतो, चालतं असं." तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "तुझ्या पायासाठी बोल्लंय मी, आणि तुझेच पाय झिजवू? खुळो झालंस काय?"

घरी सोडायच्या आदल्या दिवशी तो दुपारचा ऑफिसमधून थेट वॉर्डात आला. गंगुबाई आधीच येऊन बसल्या होत्या. आई उशाला टेकून उठून बसली होती, केस विंचरलेले, चेहरा टवटवीत. सुशांतला बघून तिने नेहमीसारखं जेवलास का विचारलं नाही. तिने त्याच्या गुडघ्याकडे बघितलं आणि विचारलं, "खरा सांग. आता कसो आसा?"

सुशांत खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. बरा आहे म्हणावं, तर देवाने आपलं काम केलं, आता तिने आपलं पुरं करायचं. दुखतोय म्हणावं, तर पुन्हा पहिल्यापासून. कधी दुखतच नव्हता, हे तर सांगून झालं होतं. लहानपणापासून आईच्या प्रश्नाला काहीतरी उत्तर असायचंच, खरं नाहीतर खोटं. आज त्याच्याजवळ दोन्ही नव्हती. तो तिच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत नुसता उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्याला पुसताही येईना.

इंदुमतीने त्याच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे अजून दुखता," ती हळूच म्हणाली. मग गंगुबाईंकडे वळून तिने विचारलं, "गंगे, उद्या मंगळवार मां?"